मोटारीचे दिवे आणि समोरच्याचे डोळे

मोटारीच्या पुढच्या दिव्यांत कोणता बल्ब घालावा, हा प्रश्न घरांतील सर्व मंडळींनीं एकत्र बसून विचार करण्याजोगा आहे असें आम्हीं म्हटलें, तर वाचक हंसतील. मुलीचें स्थळ, मुलानें घ्यावयाची शाखा, चातुर्मासांतील नेम या गोष्टींवर आपल्या घरांतून तास तास खल होतो. बल्ब गेला कीं मात्र गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजांत धाडावयाची, तेथील माणूस जो बसवील तो बसवून घ्यावयाचा आणि पैसे देऊन मोकळें व्हावयाचें, अशी सार्वत्रिक रीत आहे. अलीकडे या रीतींत एवढाच फरक पडला आहे, कीं घरांतील तरुण मंडळी मोबाईलवर चित्रें पाहून बल्ब घरबसल्या मागवूं लागली आहेत. आणि ज्याच्या वेष्टनावर सर्वांत मोठा आंकडा छापलेला असेल तो सर्वांत उत्तम, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. आमच्या घरीं या हिशेबावरून चांगलाच वाद माजला. त्या वादापायीं आम्हांस या विषयांत डोकें घालावें लागलें, आणि विषय वाटला होता त्यापेक्षां पुष्कळ खोल निघाला.

वादाचें मूळ दत्तजयंतीच्या रात्रीं पडलें. नरसोबाच्या वाडीस जन्मोत्सव आटोपून आमची मंडळी सांगलीकडे परतत होती. मधले बंधू गाडी चालवीत होते. शेजारीं थोरले बंधू, ज्यांस घरांत लहानथोर सारे अण्णा म्हणतात. मागें वहिनी, आम्ही आणि आमच्या मांडीवर पेंगलेला धाकटा नातू. शिरोळ सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंस ऊस. गळीत हंगाम भर रंगांत आलेला. समोरून एक मोठी गाडी आली, आणि तिच्या निळसर पांढऱ्या दिव्यांनीं आमच्यापुढें जणूं एक भिंतच उभी केली. बंधूंनीं दोन वेळां डिपर मारून पाहिला. समोरच्यानें दाद दिली नाहीं. गाडी निघून गेली आणि भिंतीच्या जागीं नुसता काळोख उरला. त्या काळोखांतून एकाएकीं उसानें भरलेली ट्रॉली पुढें आली. मागचा दिवा लोंबत्या वाढ्यांखालीं झांकून गेलेला, चमकपट्टी नाहीं. बंधूंनीं करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हां उसाचीं दोन कांडीं समोरच्या कांचेवर वाजलीं. कोणास खरचटलेंसुद्धां नाहीं. पण वहिनींच्या हातांतील प्रसादाचा पुडा सांडला तो कोणींच उचलला नाहीं, आणि घर येईपर्यंत गाडींत कोणी बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सर्व बोलूं लागले. आमच्या पुतण्याचें म्हणणें असें, कीं आपल्या गाडीचे दिवे मिणमिणते आहेत, ते झगझगीत असते तर ट्रॉली लांबूनच दिसली असती. सबब आजच्या आज प्रखर एलईडी बल्ब मागवावे. अण्णांचें म्हणणें नेमकें उलट. ट्रॉली दिसली नाहीं ती आपला दिवा मंद होता म्हणून नव्हे, समोरच्याचा दिवा प्रखर होता म्हणून. आणि तसलाच दिवा आतां आपण विकत घेऊन दुसऱ्या कोणाच्या अण्णांवर रोखणार काय? एकाच प्रसंगावरून निघालेले हे दोन निष्कर्ष इतके परस्परविरुद्ध होते, आणि दोन्ही इतके सयुक्तिक वाटत होते, कीं बल्ब या वस्तूचा मुळापासून अभ्यास केल्यावांचून आम्हांस गत्यंतर उरलें नाहीं.

आमच्या गाडींत, किंबहुना आपल्याकडील बहुसंख्य साध्या गाड्यांत, जो बल्ब असतो त्यास एच-४ म्हणतात. हॅलोजन वायूचे बल्ब युरोपांत मोटारींस प्रथम १९६२ सालीं लागले. त्यांत एकच तार असे. दोन तारांचा एच-४ हा १९७१ सालचा. म्हणजे ही वस्तु पन्नाशी ओलांडलेली आहे. तथापि तिची रचना पाहिली म्हणजे ती करणाऱ्याविषयीं आदर वाटतो. बोटाएवढ्या कांचेच्या नळींत टंगस्टनच्या दोन तारा. एक ६० वॅटची, ती अप्परची. दुसरी ५५ वॅटची, ती डिपरची. डिपरच्या तारेखालीं पळीसारखी एक चिमुकली धातूची वाटी बसविलेली असते. तारेचा जो प्रकाश खालीं जाऊन आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडला असता व तेथून उलटून वर, समोरच्याच्या तोंडावर गेला असता, तेवढाच प्रकाश ती वाटी अडविते. आरशाच्या वरच्या अर्ध्यावर पडलेला प्रकाश खालीं वळून रस्त्यावर पडतो. यामुळें डिपरच्या प्रकाशास वरच्या बाजूनें चाकूनें कापल्यासारखी एक कड येते. आपल्याकडे वाहनें डाव्या हातानें चालतात. म्हणून ही कड उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूस, सपाट व खालीं असते आणि डावीकडे किंचित् वर चढते, जेणेंकरून कडेनें चालणारा माणूस, सायकलवाला, मैलाचा दगड दिसावा.

आम्ही ही वाटी भिंगाखालीं धरून बराच वेळ पाहत बसलों. प्रकाश उत्पन्न करण्यासाठीं एवढा खटाटोप करून, त्याच बल्बाच्या पोटांत त्यांतील कांहीं प्रकाश मुद्दाम वांयां घालविण्याची ही सोय. आंकड्यांत सांगावयाचें तर ६० वॅटच्या तारेचा प्रमाण प्रकाश सुमारें १,६५० ल्युमेन आणि ५५ वॅटच्या तारेचा सुमारें १,०००. वॅटांत पांचाचाच फरक, पण प्रकाशांत एवढा मोठा. त्याचें मोठें कारण ही वाटी. ज्याला आपण कधीं भेटणार नाहीं, त्याच्या डोळ्यांसाठीं केलेला हा त्याग होय, असें अण्णा म्हणाले. पुतण्यानें त्यावर "अण्णा, तो अपव्यय आहे" असें उत्तर केलें, आणि त्या दिवशींची चर्चा तेथेंच थांबली.

अण्णांचा एक डोळा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन नवा झाला आहे, दुसऱ्यांतला अजून पिकत आहे. रात्रीं गाडी चालविणें त्यांनीं केव्हांच सोडलें. परंतु मोतीबिंदू नसलेल्यांचीही गोष्ट फारशी निराळी नाहीं. साठीच्या माणसाच्या डोळ्याची बाहुली विशीच्या माणसाइतकी फुलत नाहीं व भिंगही पिवळट होत जातें; अंधारांत त्याच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेंत सुमारें एक तृतीयांशच प्रकाश पोहोंचतो. शिवाय झगझगीत दिव्यानें दिपलेला वृद्धाचा डोळा पूर्ववत् होण्यास अधिक वेळ लागतो. आतां हिशेब पाहावा. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत साडेसोळा मीटरांहून अधिक अंतर तोडते. तीन सेकंद डोळे दिपले तर पन्नास मीटर वाट आपण आंधळ्यानें चालवीत काढतों. आमच्या मधल्या बंधूंचें वय अठ्ठावन्न. त्या रात्रीं शिरोळच्या रस्त्यावर त्यांचा वेग साठही नव्हता, म्हणून हा लेख लिहिला जात आहे.

हा विचार कायद्यासही सुचलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०६ वा नियम केवळ दिव्यांच्या झोतासंबंधीं आहे: दिव्यापासून ८ मीटरांवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसास दिपवूं शकणार नाहीं, अशा रीतीनें झोत खालीं वळलेला असावा किंवा चालकास तो वळवितां यावा. वाचकांपैकीं जे वयस्क असतील त्यांस आठवत असेल, कीं एके काळीं मोटारीच्या दिव्याच्या कांचेवर मधोमध काळा ठिपका रंगविलेला असे, आणि तो नसला तर पोलिस गाडी अडवीत. उपाय ओबडधोबड खरा, पण हेतु तोच. फ्रान्समध्यें तर १९३६ सालापासून १९९३ पर्यंत मोटारीचे पुढचे दिवे पिवळेच असावेत असा कायदा होता. पिवळा उजेड डोळ्यांस कमी दिपवितो ही त्यामागील समजूत. ती कितपत खरी यावर तेथें पुष्कळ वाद झाले. तथापि आपला दिवा समोरच्यास कसा दिसेल याचा अख्ख्या राष्ट्रानें कायद्यानें विचार करावा, ही गोष्ट आम्हांस तरी गोड वाटली.

इतकें झाल्यावर बाजारांत काय मिळतें तें आम्ही पाहूं लागलों. पुतण्या बरोबर होताच. तो नसता तर निम्मी नांवें आम्हांस समजलीं नसतीं.

पहिला प्रकार १००/९० वॅटचा. साच्यांत हा एच-४ सारखाच, म्हणून जुन्या जागीं सहज बसतो, आणि हायवेवर जाणारीं मंडळी तो मोठ्या हौसेनें बसवून घेतात. परंतु ६० वॅटच्या तारेस १२ व्होल्टांवर ५ अँपिअर प्रवाह पुरतो, तेथें १०० वॅटच्या तारेस आठांहून अधिक लागतो. वायरींत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे प्रवाह पावणेदोन पटींच्याही आंत असला तरी वायर जवळजवळ पावणेतीन पट तापते. घराची वायरिंग ज्यांनीं एकदां जळतांना पाहिली आहे त्यांस अधिक सांगणें नको. निराळा रिले व जाड वायर घातल्यावांचून असा बल्ब लावला तर होल्डरचें प्लास्टिक वितळतें, आणि दिव्याच्या आंतील आरशावरचा चकचकीत मुलामा हळूहळू करपतो. तो करपला म्हणजे मग कितीही वॅटचा बल्ब लावा, उजेड कमीच.

दुसरा प्रकार निळसर हॅलोजनचा. साधा हॅलोजन जरा पिवळट, सुमारें ३,२०० केल्विनचा. त्याच्या कांचेवर निळी छटा दिली कीं प्रकाश पांढरा दिसतो व गाडी महागाची वाटते. पण ती छटा म्हणजे चाळणी आहे. ती पिवळा-तांबडा प्रकाश अडविते, नवा प्रकाश कोठून आणीत नाहीं. रूपासाठीं उजेड विकण्याचा हा व्यवहार आम्हांस मुळींच पटला नाहीं. आणि हें मत पुतण्यासही मान्य झालें, हें त्याच्या निष्पक्षपातीपणाचें द्योतक होय.

राहिला एलईडी. येथें आम्हांस सावधपणें लिहिलें पाहिजे, कारण एलईडीस आमचा विरोध नाहीं. ज्या गाड्यांचे दिवे कारखान्यांतूनच एलईडीसाठीं आंखलेले असतात त्यांचा उजेड उत्तम असतो, वीज कमी खातो आणि नीट बसविलेला असेल तर कडही रेखीव पडते. प्रश्न आहे तो हॅलोजनसाठीं घडविलेल्या जुन्या आरशांत नुसता एलईडी बल्ब खुपसण्याचा. त्या आरशाचा प्रत्येक वळसा एका बारीक तारेच्या जागेवरून काढलेला असतो. ती जागा मिलिमीटरच्या अंशाइतकी जरी ढळली तरी झोत बिघडतो. एलईडीच्या बल्बांत तार नसते; एका चपट्या पट्टीच्या दोन बाजूंस दोन चौकोनी ठिपके असतात. तारेचें सोंग कांहीं बल्ब बरें वठवितात, पुष्कळ वठवीत नाहींत. मग प्रकाश पुष्कळ पडतो, पण ती चाकूनें कापल्यासारखी कड विस्कटते आणि जो प्रकाश रस्त्यावर पडावयाचा तो झाडांच्या शेंड्यांवर व समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालवणाऱ्यास मात्र गाडीपुढचा जवळचा भाग लख्ख दिसतो, आणि तो संतुष्ट असतो. जवळ फार लख्ख झालें कीं लांबचें उलट कमी दिसतें, हें अंगणांतील दिव्याखालीं बसून फाटकाकडे पाहणाऱ्यास सहज पटेल. शिवाय कारखान्यानें ठरविलेल्या रचनेंत मालकानें परस्पर फेरबदल करूं नयेत, असें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आहे; तेंही विसरून चालणार नाहीं.

येथवर अण्णांची बाजू जिंकल्यासारखी झाली होती. पण पुतण्याचें एक म्हणणें अद्याप उभेंच होतें: आपले दिवे मिणमिणते आहेत. आणि ते होतेच! दिपविणाऱ्याची चूक मोठी असली म्हणून आपला दिवा मंद असण्याचें समर्थन होत नाहीं. तो मुलगा विद्युत् अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. त्यानें मीटर आणला आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजले, १३.८ भरले. मग होल्डरपाशीं मोजले, १२.२. दीड व्होल्टाहून अधिक दाब वाटेंत कोठें गेला? हॅलोजन बल्बाचा स्वभाव असा, कीं दाब थोडा उतरला तरी उजेड फार उतरतो. दाब दहा टक्के घटला तर उजेड तीस टक्के घटतो. त्या हिशेबानें आमच्या दिव्यांचा जवळजवळ एक तृतीयांश उजेड वायरींतच जिरत होता. शोध घेतां घेतां बॉनेटच्या आंत, पत्र्यास जेथें अर्थिंगची वायर स्क्रूनें जोडलेली असते, तेथें हिरवट गंज सांपडला. कोंकणांत आजोळीं चार पावसाळे गाडी उभी राहत असे, त्याचा हा प्रसाद. वीस मिनिटें कानस घासून तो काढला, स्क्रू नवा घातला, आणि दाब १३.३ वर आला. हाच दोष ठेवून १००/९० चा बल्ब घातला असता तर? प्रवाह वाढला कीं वाटेंतील तूटही वाढते; म्हणजे पैसे अधिक, उष्णता अधिक, आणि उजेडाची वाढ निम्मीशिम्मी.

दुसरा चोर दिव्याचें तावदान. जुन्या गाड्यांचें तावदान कांचेचें असे. हल्लीं तें पॉलिकार्बोनेटचें असतें व उन्हानें कांहीं वर्षांत पिवळें व धुरकट होतें. धुरकट तावदान उजेड अडवितें, आणि जो सोडतें तो चहूंकडे फांकवितें. म्हणजे आपल्याला कमी दिसतें व समोरचा अधिक दिपतो, असा दुहेरी तोटा. बारीक पॉलिश कागदानें ओलें घासून मग पॉलिश लावलें असतां तें पुष्कळ निवळतें. हें काम वहिनींनीं अंगावर घेतलें. देवाचीं उपकरणीं घासण्याचा चाळीस वर्षांचा सराव असल्यामुळें तें इतर कोणाही पुरुषाहून सरस झालें, हें येथें नमूद करणें आमचें कर्तव्य आहे.

मग बल्ब. ६०/५५ चेच, नांवाजलेल्या कंपनीचे, पण दोन्ही बाजूंस नवे. एक बल्ब गेला म्हणजे दुसराही त्याच वयाचा असतो व मागोमाग जातो. शिवाय एक नवा आणि एक जुना असला तर गाडी एका डोळ्यानें पाहते. बसविण्याचें काम घरीं होण्याजोगें आहे. दिवे व इंजिन बंद करून बल्ब निवूं द्यावा. हॅलोजनची कांच कित्येकशें अंश तापलेली असते. दिव्यामागील तीन पात्यांचा प्लग सरळ ओढून काढावा, रबरी टोपण सोलावें, तारेची कडी दाबून बाजूस सारावी, म्हणजे बल्ब हातांत येतो. नवा बल्ब धरतांना मात्र सोंवळें पाळावें लागतें: बूड धरावें, कांचेस बोट लावूं नये. बोटाचा तेलकटपणा व घामाचें मीठ कांचेवर राहिलें तर तापल्यावर त्या ठिकाणीं डाग पडतो, कांच तेथें अधिक तापते व बल्ब अल्पायुषी होतो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटनें पुसावा. बुडास तीन कान असतात, त्यांतील एक निराळा. म्हणून बल्ब एकाच रीतीनें बसतो. बसत नसेल तर जोर लावूं नये, फिरवून पाहावा. आणि रबरी टोपण पुन्हा घट्ट बसवावें. तें सैल राहिलें कीं पहिल्या पावसांत दिव्याच्या पोटांत दंव धरतें. आमच्या आळींतील अर्ध्या गाड्यांचें दुखणें हेंच आहे.

शेवटचें काम झोत जुळविण्याचें. गॅरेजवाले बहुधा तें करीत नाहींत आणि आपण मागत नाहीं. सपाट जागीं भिंतीपासून १० मीटरांवर गाडी उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूनें आडवी रेघ ओढावी, आणि तिच्याखालीं दहा सेंटिमीटरांवर दुसरी. डिपर लावला असतां प्रकाशाची सपाट कड या खालच्या रेघेवर पडावी. आमची पडली, अण्णांनीं स्वत: खुर्ची टाकून खात्री करून घेतली. मग पुतण्यास शंका आली, कीं ही रिकाम्या गाडीची गोष्ट झाली. आपण वाडीस जातों तेव्हां गाडी थोडीच रिकामी असते? मागें वजन पडलें कीं गाडीचें नाक वर होतें, आणि नाकाबरोबर झोतही. तेव्हां सायंकाळीं सर्व मंडळींस गाडींत बसविण्यांत आलें. डिकींत दोन बॅगा व फराळाचा डबा ठेवला. शेजारच्या काकूंनीं गच्चींतून विचारलें, "कुठें निघालांत सगळीं?" आणि कोणास उत्तर सुचेना. भिंतीवरची कड वरच्या रेघेच्याही वर चढली होती. उभ्या माणसाच्या नव्हे, तरी स्कूटरवरून येणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपर्यंत दूरवर खास पोहोंचावी इतकी. चालकाच्या उजव्या गुडघ्यापाशीं ० ते ३ आंकड्यांचें एक लहानसें चक्र असतें. आमच्या गाडींत तें आठ वर्षें शून्यावरच होतें. पुतण्यानें तें एकावर आणलें, मग दोनावर, आणि कड हळूहळू खालीं येऊन दुसऱ्या रेघेवर टेंकली.